पहिल्यांदा सदर्न बिस्किट खायला जाताय?

अटलांटात नवीन आहात ना? मग आधी पार्ले-जी डोक्यातून काढा. इथलं ‘सदर्न’, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडचं, बिस्किट म्हणजे मैदा, लोणी आणि बटरमिल्कचा गरम, पदर सुटणारा मऊ पाव. चहात बुडवू नका. मी बुडवलं होतं. कपात लगदा उरला आणि वाढणाऱ्या बाईंना हसू आवरेना.

पहिल्या खेपेला साधं बिस्किटच घ्या. हाताने आडवं उकला, सुरी लावली की पदर दबतात. वाफ निघतेय तोवर लोणी, वर मध किंवा सॉर्घम सिरप. हे सिरप गोड ज्वारीच्या धाटांचं, चवीला थेट आपल्या काकवीच्या घरातलं!

बाकी एवढं सांभाळा:

- सकाळी लवकर जा. बरीच ठिकाणं दुपारीच बंद होतात.
- शाकाहारी असाल तर विचारल्याशिवाय काही मागवू नका. बिस्किटावर घालतात ती पांढरी ग्रेव्ही दुधाची दिसते, पण तिच्यात बहुधा डुकराचं सॉसेज असतं. कोलार्डची पालेभाजीही अनेकदा डुकराच्या हाडावर शिजवतात. बिस्किटातसुद्धा लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, असू शकतं.
- नुसतं ‘टी’ म्हणालात तर बर्फ घातलेला गोडमिट्ट चहा येईल. साखर नको तर ‘अनस्वीट’ म्हणा.
- टेबलावर वाढलं तर टिप 18-20 टक्के.

ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या. मीठ-लोणी घालून खा, आवडतील. आणि भुकेच्या भरात चार बिस्किटं मागवू नका, दोनात माणूस आडवा होतो. कंट्री हॅम (खारवलेलं डुकराचं मांस), रेड-आय ग्रेव्ही (त्याच हॅमच्या चरबीत कॉफी घालून केलेला रस्सा) वगैरे पुढच्या वेळी बघू.