पगार वाढूनही पन्नाशीच्या सुमारास पैशांची काळजी का वाढते?

पगार पूर्वीपेक्षा चांगला आहे, गृहकर्जही संपत आले आहे, तरी रात्री पैशांचेच विचार का येतात, असे आपण विचारले आहे. माझे वय ४८ आहे आणि मी बडोद्यात, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. तिशीत महिनाअखेर कशी निघेल याची चिंता असे. आता कोणता खर्च कधी समोर येईल आणि त्या वेळी पैसे मोकळे असतील का, याची असते.

आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांत सरकारी नोकरी म्हणजे म्हातारपणाची तजवीज, असेच मानले जाई. माझ्या वडिलांचे निवृत्तिवेतन महागाई भत्त्याबरोबर वाढत जाते, त्यामुळे वेगळी पुंजी साठवण्याची गरज त्यांना कधी भासली नाही. माझ्यासारख्या खासगी नोकरदाराला भविष्यनिर्वाह निधीबरोबर जे निवृत्तिवेतन मिळते, ते सर्वसाधारणपणे १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर मोजतात. त्या रकमेला नोकरीच्या वर्षांनी गुणून ७० ने भागले की ३० वर्षांच्या नोकरीनंतरही महिन्याला सात हजारांच्या आतच रक्कम येते, आणि ती महागाईबरोबर वाढत नाही. महागाई दरसाल ६ टक्के धरली तर किमती सुमारे १२ वर्षांत दुप्पट होतात, म्हणजे आज ४०,००० रुपयांत चालणाऱ्या घराला माझ्या साठीत ८०,००० लागतील. हे आकडे शेजारी शेजारी मांडल्यापासून, पगारवाढ झाली की तिचा निम्मा भाग घरखर्चात मिसळण्याआधीच आम्ही बाजूला टाकतो. पीपीएफ या सरकारी बचत योजनेतल्या खात्याची १५ वर्षांची मुदत संपली तेव्हाही खाते बंद न करता पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवले.

खरी ओढाताण मात्र मुलांच्या शिक्षणावरून होते. बडोद्यात मुलांना परदेशी पाठवण्याची हौस मोठी आहे, आणि त्यासाठी राहते घर तारण ठेवणारे आईवडील मी जवळून पाहिले आहेत. माझे मत स्पष्ट आहे: शैक्षणिक कर्ज मुलांच्या नावे घ्यावे, कारण ते फेडायला त्यांच्यापुढे कमावती वर्षे असतात आणि आपल्यापुढे मोजकीच उरलेली असतात. हे मुलांशी बोलणे जड जाते, तरी प्रवेशाचे पत्र येण्याआधीच बोलावे.

आजारपणाचे म्हणाल तर, ७० वर्षांवरील ज्येष्ठांना २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते. आईवडिलांचे कार्ड काढून ठेवावे. स्वतःचा आरोग्य विमा मधुमेह किंवा रक्तदाब निघण्याआधी घेतलेला बरा, कारण आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते.

या वयात लागलेली आणखी एक सवय मला फार मोलाची वाटते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे नवराबायको सगळी खाती, पॉलिसी आणि ठेवी एका वहीत उतरवतो व प्रत्येकीवरचे नामांकन तपासतो. बँकेतील नामांकनाने रक्कम कोणाच्या हाती द्यायची एवढेच ठरते, मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते; म्हणून यंदा मृत्युपत्रही केले. वडिलांकडे तोच विषय काढायला मी कचरत होतो, पण वही पाहून त्यांनीच वकिलांना घरी बोलवायला सांगितले.