घटतं म्हणून व्यस्त?

प्रश्न : य = −३क्ष या समीकरणात क्ष वाढला की य कमी होतो. म्हणून चाचणीत मी ‘व्यस्त चलन’ लिहिलं आणि गुण गेले. एक वाढतंय, दुसरं घटतंय, तरी हे समचलन कसं?

उत्तर : ‘एक वाढलं की दुसरं घटतं, ते व्यस्त’ हे वाक्य आम्ही शिक्षकच फळ्यावर लिहितो. मीही कितीतरी वर्षं लिहीत आले. चलनाचा स्थिरांक, म्हणजे चलनात कायम राहणारी संख्या, धन असेल तेव्हाच ते खरं असतं, एवढं सांगायचं राहून जायचं, याची मला आजही रुखरुख वाटते.

वाढ-घट बाजूला ठेव आणि भागाकार करून बघ. क्ष १, २, −४ घेतला तर य येतो −३, −६, १२. य भागिले क्ष दर वेळी −३च. गुणोत्तर कायम, म्हणून समचलन. −६ ही −३ पेक्षा लहान असली तरी तिची दुप्पटच आहे ना! व्यस्त चलनात गुणाकार कायम राहतो. आता क्ष × य = −१२ घे. क्ष १, २, ३ असताना य −१२, −६, −४. दोन्ही वाढतायत आणि तरीही हे व्यस्त चलन! हे उदाहरण माझं फार लाडकं आहे. वहीत स्वतः मांडून बघ.

उणे चिन्ह फक्त दिशा सांगतं. य = −३क्ष च्या आलेखात −३ हाच रेषेचा चढ : क्ष १ ने वाढला की य ३ ने खाली उतरतो. चढ म्हणजे दोन बिंदूंच्या य मधला फरक भागिले क्ष मधला फरक; तो काढताना दोन्ही वजाबाक्यांत बिंदूंचा क्रम एकच ठेव, नाहीतर चिन्ह उलटतं. आणि −५ ही २ पेक्षा लहान असली तरी −५ चढाची रेषा जास्त उभी असते. तीव्रता चिन्ह सोडून पाहायची.

वातावरणाच्या सर्वांत खालच्या थरात दर किलोमीटर उंचीमागे तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने उतरतं. तापमानातला बदल = −६.५ × उंची, हे समचलन. खुद्द तापमान मात्र उंचीच्या समचलनात नाही. समुद्रसपाटीला १५ अंश असेल, तर १ किमीवर ८.५ आणि २ किमीवर २. उंची दुप्पट झाली, पण ८.५ चे १७ काही झाले नाहीत. चढ इथेही −६.५च, फक्त रेषा आरंभबिंदूतून न जाता १५ वरून निघते. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढ, समांतर रेषा मिळतील.