साहेबांच्या मुलीला काय सांगू?

'डिसेंबर 1971 च्या लढाईत मी आमच्या सीओ साहेबांचा, म्हणजे पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरचा, रेडिओ ऑपरेटर होतो. बॅटरी आणायला मागे गेलो, तेवढ्यात तोफगोळा पडला आणि साहेब गेले. त्यांची मुलगी तेव्हा चार वर्षांची. आता तिचा फोन आला, "काका, बाबा कसे होते ते सांगायला भेटाल का?" मुलगा म्हणतो, त्रास न होता गेले असं सांगून मोकळे व्हा. माझी झोप उडाली आहे.'
– एक निवृत्त सुभेदार

सुभेदारसाहेब, नमस्कार.

तिचं वाक्य पुन्हा वाचा. बाबा कसे गेले, हे तिने विचारलेलंच नाही. तुमचं मन त्या बॅटरीपाशी अडकलंय, म्हणून तुम्हाला तसं ऐकू आलं.

साहेबांचं नाव दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्यागचक्राच्या भिंतीवर तिला वाचता येईल. पण भिंतीवर नाव, हुद्दा, पलटण एवढंच असतं. 1965 चे परमवीर लेफ्टनंट कर्नल तारापोर जखमी होऊनही मागे हटले नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे; रात्री सेटवर ते कसे बोलायचे, ते त्यांच्या जवानांनाच माहीत. तुम्ही पत्रात ओघात लिहून गेलात, की साहेब हेडसेट उलटा लावायचे आणि आवाज येत नाही म्हणून तुमच्यावरच ओरडायचे. घरून पत्र न आलेल्या जवानांची नावं त्यांना पाठ असायची. अहो, हेच सांगा तिला! ओरडण्यासकट.

मुलाचा सल्ला मला पटत नाही. तुम्ही त्या क्षणी तिथे नव्हतात, मग त्रास झाला की नाही हे कसं सांगणार? तिने विचारलंच तर पाहिलंत तेवढं सांगा: मी परतलो तेव्हा साहेब गेलेले होते.

राहिली बॅटरी. ती आणणं तुमचं कामच होतं. सेट बंद पडला असता तर पलटण बहिरी झाली असती. तरी सल राहतो, मान्य. पण तो तिच्यापुढे ओतू नका. वडील गमावलेल्या मुलीवर तुम्हाला माफ करायचं काम कशाला टाकायचं? त्यासाठी ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमध्ये जा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायला सांगा. झोप येत नाही हे डॉक्टरला सांगण्यात लाज कसली?

पलटणीचा एखादा ग्रुप फोटो असेल तर सोबत न्या. आणि फोन आजच करा, डिसेंबर उजाडायची वाट बघू नका.