वाचक विचारतात : फ्रान्समधील जुनी खेडी आणि चित्रगुहा

प्रश्न : माझी कन्या नोकरीनिमित्त दक्षिण फ्रान्समधील तुलूझ शहरात राहते. तिने आम्हा उभयतांना बोलावले आहे. शहरांपेक्षा तिकडची मध्ययुगीन खेडी आणि आदिमानवाच्या चित्रांच्या गुहा पाहाव्यात आणि शक्यतो त्याच दिवशी घरी परतावे, अशी आमची इच्छा आहे. तिच्याकडे मोटार आहे, मात्र सुटी शनिवार-रविवारचीच असते. सौ.ला गुडघेदुखीचा त्रास आहे. दिवाळीनंतर सोयाबीन घरात आले की निघावे, असा विचार आहे. कोणती ठिकाणे निवडावीत?
— एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ठिकाणांआधी आपल्या महिन्याविषयी सांगणे आवश्यक आहे. दिवाळीनंतर तिकडे हिवाळा सुरू होतो, दिवस लहान होतो आणि नेमक्या याच काळात तेथील अनेक गुहा बंद असतात. शिवाय सोयाबीन घरात आले तरी कापसाची वेचणी आणि हरभऱ्याची पेरणी आपल्यामागे असणारच. त्यापेक्षा तूर-हरभरा विकून झाल्यावर, एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतचा काळ धरावा. आपल्याकडे पारा ४५ अंशांकडे सरकत असताना तिकडे हवा सुखद असते, मे महिन्यात रात्री नऊपर्यंत उजेड राहतो आणि मृगाच्या पेरणीआधी आपण शेतावर परत येऊ शकता. १ मे रोजी मात्र कोठेही जाण्याचे ठरवू नये, कारण त्या दिवशी बरेच काही बंद असते.

या प्रदेशात गुहा एवढ्या का, हे लक्षात घेतले तर नकाशा समजणे सोपे जाते. आपल्या पातूरच्या लेण्या माणसाने काळ्या बेसॉल्टमध्ये छिन्नीने कोरल्या. तिकडच्या गुहा पाण्याने घडवल्या आहेत. कोरपना-गडचांदूरकडे सिमेंट कारखान्यांना जो चुनखडक लागतो, त्याच जातीच्या खडकाचे जाड थर तेथे पसरलेले आहेत. जमिनीत मुरणाऱ्या पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिसळून ते किंचित आम्लधर्मी होते आणि लाखो वर्षांत खडक विरघळवत आत पोकळ्या तयार करते. वरून वाहणाऱ्या नद्यांनी त्याच खडकात उभे कडे कापले आणि मध्ययुगात संरक्षणासाठी माणसांनी त्या कड्यांवर गावे वसवली. त्यामुळे गुहा आणि गाव एकमेकांपासून थोड्याच अंतरावर सापडतात आणि दोन्ही एका दिवसात पाहता येतात. परंतु एका दिवसात एक गुहा आणि एक गाव, यापेक्षा अधिक काही कोंबू नये. प्रवासी कंपन्यांच्या एकदिवसीय सहलींत चार-चार नावे असतात खरी, पण त्यांतील निम्मा वेळ वाहनतळावर जातो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिल्या शनिवारी पेश मेर्लची गुहा आणि सँ-सिर्क-लापोपी हे गाव पाहावे. तुलूझहून काओरपर्यंत सुमारे ११५ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग आहे आणि पुढे लॉत नदीच्या काठाने जाणारा अरुंद, वळणावळणाचा, अतिशय देखणा रस्ता आहे. पेश मेर्ल ही गुहा १९२२ मध्ये दोन किशोरवयीन मुलांनी शोधली. येथील चित्रे मूळ आहेत, नक्कल नव्हे. एका भिंतीवर दोन ठिपकेदार घोडे एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. त्यांचे वय सुमारे २९,००० वर्षे मानले जाते. उजवीकडच्या घोड्यापाशी क्षणभर थांबून खडकाची कड पाहावी. ती कडच मुळात घोड्याच्या डोक्यासारखी आहे आणि चित्रकाराने तिचा आधार घेऊन पुढचे शरीर काढले आहे. घोड्यांभोवती माणसाच्या पंजांचे ठसे आहेत. हात भिंतीला टेकवून त्यावर रंग फुंकला आणि हात काढल्यावर मोकळी आकृती राहिली, अशी ही पद्धत होती. आत दिवसाला साधारण ७०० लोकांनाच सोडतात, म्हणून कन्येने आधीच वेळ आरक्षित करावी. छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. पायऱ्या मात्र आहेत, हे सौ.च्या दृष्टीने ध्यानात ठेवावे.

दुपारी जवळच्याच सँ-सिर्क-लापोपीला जावे. नदीपासून सुमारे १०० मीटर उंच कड्यावर हे गाव टांगल्यासारखे उभे आहे. लाकडी चौकटींची घरे आणि उतरती कौलारू छपरे जुन्या काळातील आहेत. लाकूड कातणाऱ्या कारागिरांसाठी हे गाव एकेकाळी प्रसिद्ध होते. गल्ल्या दगडी आणि उताराच्या असल्यामुळे सौ.ने वरच्या चौकात बसून राहावे आणि आपण खाली फिरून यावे. खाली उतरलेले पुन्हा चढावे लागते, याचा उत्साहाच्या भरात विसर पडतो.

सौ.साठी सर्वांत योग्य गुहा आमच्या मते रूफिन्याकची आहे, कारण तेथे विजेवर चालणाऱ्या लहानशा आगगाडीत बसूनच आत नेतात. येथे मॅमथची, म्हणजे नामशेष झालेल्या केसाळ हत्तीसारख्या प्राण्याची, दीडशेहून अधिक चित्रे आहेत. त्याहून वेधक अशी एक गोष्ट गाडीतूनच दिसते, ती म्हणजे गुहेतील अस्वलांनी भिंतींवर ओढलेले नखांचे ओरखडे आणि हिवाळी झोपेसाठी मातीत उकरलेले गोल खड्डे. मेळघाटात अस्वलाने झाडावर केलेल्या खुणा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला या भिंतींचे वेगळे स्पष्टीकरण लागणार नाही. पुढे जेथे गाडीतून उतरून मोठे चित्रित छत पाहतात, तेथील जमीन पर्यटकांसाठी नंतर खोल केलेली आहे. मूळ चित्रकाराला छत इतके जवळ होते की, त्याने उताणे पडून चित्रे काढली असावीत.

मात्र ही गुहा दॉर्दोन्य भागात, तुलूझपासून बरीच दूर आहे. जाण्यायेण्यातच पाच-सहा तास मोडतील. तेव्हा या एका वेळेपुरता एकाच दिवसाचा आग्रह सोडून शनिवारी रात्री सार्ला येथे मुक्काम करावा आणि रविवारी दोम हे गाव पाहून परतावे. दोमची तटबंदी तेराव्या शतकातील आहे. १३०७ नंतर टेम्पलर या ख्रिस्ती धार्मिक संघाच्या योद्ध्यांना तेथील वेशीच्या बुरुजांत कैद करून ठेवले होते. गावच्या जुन्या बाजारओट्याखालून थेट भूगर्भातील गुहेत उतरता येते.

रोकामादूरचे तीर्थक्षेत्रही पाहण्याजोगे आहे. पूर्वी यात्रेकरू तेथील २१६ पायऱ्या गुडघ्यांवर चढत असत. आज उद्वाहकाची सोय असल्याने सौ.ला काळजी नको. त्याच्या जवळचे पादिराकचे ७५ मीटर खोल विवर आणि त्याखालील भूमिगत नदीतील नौकाविहार अद्भुत आहे, पण नावेतून उतरल्यावर बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात. तेथे आपण कन्येसह जावे. न्यो येथील गुहेत हातात दिवा घेऊन ओल्या, खाचखळग्यांच्या वाटेने सुमारे ८०० मीटर आत चालावे लागते, म्हणून ती या खेपेला वगळावी. सर्व गुहांत बाराही महिने तापमान १२-१३ अंश असते, हे ध्यानात घेऊन बाहेर ऊन असले तरी स्वेटर जवळ बाळगावा.

प्रश्न : आदिमानवाच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेली दॉर्दोन्य भागातील लास्कोची मूळ गुहा बंद असून तेथे केवळ प्रतिकृती दाखवतात, असे वाचले. मग तेथे जाण्यात अर्थ आहे काय?
— एक निवृत्त शिक्षक, चिखली, जि. बुलडाणा

उत्तर : १९४० मध्ये सापडलेली लास्कोची गुहा १९४८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. पुढे गर्दी इतकी वाढली की, माणसांच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड, बाष्प आणि अंगाची उष्णता यांमुळे भिंतींवर हिरवे शेवाळ आणि कॅल्साइट या चुनखडीच्या खनिजाचा पांढरा थर चढू लागला. १९६३ मध्ये गुहा बंद करण्यात आली आणि तो निर्णय योग्यच होता. पहिली, अंशतः प्रतिकृती १९८३ मध्ये आणि जवळजवळ संपूर्ण गुहेची प्रतिकृती २०१६ मध्ये मोंतिन्याक येथे खुली झाली. ज्यांना चित्रांची रचना, आकार आणि क्रम समजून घ्यायचा आहे, त्यांनी ती अवश्य पाहावी. मूळ रंगरेषेसमोर उभे राहण्याचीच ओढ असेल, तर पेश मेर्ल किंवा लेझेझी गावाजवळची फाँ-द-गोम ही गुहा गाठावी. दुसरीत रोज फारच थोड्या लोकांना प्रवेश असल्याने आरक्षणाशिवाय जाऊ नये.

प्रश्न : आम्ही माळकरी आहोत. अशा खेड्यांत जेवणाचे कसे करावे?
— एक वाचक, वरुड, जि. अमरावती

उत्तर : हा भाग बदक आणि हंसाच्या मांसासाठी नावाजलेला आहे, त्यामुळे सावध राहावे. तेथील प्रसिद्ध सार्ला पद्धतीचे बटाटे दिसायला शाकाहारी असले तरी बदकाच्या चरबीत परततात. पारंपरिक चीजमध्येही बहुधा जनावराच्या जठरातील रेनेट, म्हणजे दूध गोठवणारे द्रव्य, असते. सार्ला येथे बुधवारी आणि शनिवारी भरणाऱ्या बाजारात अक्रोड, फळे आणि ताजा पाव मिळतो. सोबत दशम्या आणि जवसाची चटणी ठेवल्यास दिवस निभावतो. उपाहारगृहांची स्वयंपाकघरे दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात आणि गुहेत खाण्यास मनाई असते, म्हणून गुहेची वेळ सकाळी अकराच्या आतील किंवा दुपारी तीननंतरचीच घ्यावी.