ब्रिज आधी लिहिला गेला, आता काय?

प्रश्न : बीडीएसच्या प्रात्यक्षिकात हिरड्या सुजलेल्या मधुमेही रुग्णाच्या उपचार-आराखड्यात मी स्केलिंगआधीच (दातांवरचा साचलेला थर खरवडून काढण्याआधीच) ब्रिज (गेलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांच्या आधाराने बसवायचा कृत्रिम दात) लिहिला. झोप उडाली आहे.

उत्तर : चूक क्रमाची आहे, निदानाची नाही; तेवढ्यावरून नापास झालात असं धरून बसू नका. मात्र कारण नीट समजून घ्या, तोंडी परीक्षेत तेच विचारतात. सुजलेली हिरडी स्केलिंगनंतर आक्रसते. आधी बसवलेल्या ब्रिजच्या क्राऊनची (आधाराच्या दातावरच्या टोपीची) कड मग उघडी पडते. शिवाय रक्तस्राव होत असताना माप स्वच्छ येत नाही. म्हणून वेदना-पू आधी, मग स्केलिंग, किडलेले दात भरणं, न वाचणारे दात काढणं. ४ ते ६ आठवड्यांनी प्रोबने (खुणा असलेल्या बारीक सळईने) पॉकेट (दात आणि हिरडीमधली खोल फट) पुन्हा मोजायचे, शस्त्रक्रियेची गरज ठरवायची, ब्रिज त्यानंतर. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा सांगणारी तपासणी) लिहायचं राहिलं असेल, तर ती चूक मला अधिक गंभीर वाटते.