तलावातला गाळ नेमका कुठून उचलावा?

प्रश्न : आमच्या साठवण तलावातून दोघांनी गाळ नेला. एकाचं माळरान सुधारलं, दुसऱ्याच्या शेतात नुसती रेती पसरली. तलाव एकच, मग असं का?

उत्तर : गाळ बसताना पाणीच त्याची निवड करतं. नाल्याचं पाणी तलावात शिरलं की वेग मोडतो. खडे-वाळू तोंडाशीच पडतात, पोयटा (वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाड कण) त्यापुढे, आणि चिकणमाती भिंतीकडच्या संथ पाण्यात. 20 अंश सेल्सिअसच्या स्थिर पाण्यात 0.02 मिलिमीटरचा कण 10 सेंटिमीटर खाली जायला सुमारे 5 मिनिटं घेतो, 0.002 मिलिमीटरचा 8 तास. कण दहापट बारीक झाला की वेग शंभरपट घटतो. चिकणमातीचे कण त्यातून चपटे, म्हणून आणखी सावकाश बसतात.

तेव्हा तोंडाकडचा गाळ भरू नका. नाल्याची जुनी धारही टाळा. तलाव रिकामा असताना आलेला पहिला लोंढा वाळू तिथूनच आतवर नेतो. तलाव आटल्यावर जिथे रुंद भेगा पडतात आणि वरच्या खपल्यांच्या कडा वळतात, ती जागा बघा. तिथेही दोन फुटांचा खड्डा घ्याच, कारण काळ्या थराखाली रेतीचा पट्टा निघू शकतो. भिंतीच्या पायथ्याला मात्र हात लावायचा नाही, आणि मूळ तळ लागला की खोदाई थांबवायची.

गाडी भरण्याआधी बाटलीत तपासा. एक लिटरच्या उभट पारदर्शक बाटलीत तिसरा हिस्सा बारीक फोडलेला गाळ, चमचाभर धुण्याचा सोडा आणि वर पाणी घाला. दहा मिनिटं जोरात हलवून स्थिर ठेवा. एका मिनिटात बसते ती वाळू, पुढच्या दोन तासांत पोयटा, दोन दिवसांत चिकणमाती. प्रत्येक वेळी खूण करा. सोडा विसरलात तर चिकणमातीच्या गुठळ्या वाळूबरोबरच खाली जातात आणि चांगला गाळही रेताड दिसतो. सोडा घालूनही निम्म्याहून जास्त वाळू निघाली, तर वाहतुकीचा खर्च वाया जाईल.

एकरी एक इंच थराला साधारण 36 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) गाळ लागतो. मुरमाड जमिनीला दोन इंच पुरे. पसरल्यावर नांगरून खालच्या मातीत नीट मिसळा. तसाच राहिला तर दोन मातींच्या सांध्यावर पाणी अडतं आणि मुळं वरच राहतात. भारी काळ्या रानात चिकण गाळ टाकूच नका, निचरा बिघडेल. फळबाग लावायची असेल तर गाळाचा सामू (पीएच), क्षारता आणि चुनखडी आधी प्रयोगशाळेतून तपासून घ्या.