82 ला 25 ने भागू नकोस

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

परदेशातल्या कॉलेजांच्या अर्जांसाठीच्या तुझ्या गुणपत्रिका मिळाल्या, सोबतचा हिशेबही पाहिला: बारावीचे अपेक्षित 82 टक्के भागिले 25, म्हणजे जीपीए (अमेरिकेतली 4 पैकी मोजली जाणारी गुणांची सरासरी) 3.28. हे सूत्र कुठल्याही बोर्डाचं नाही, तेव्हा तो कागद आधी फाड. अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांत 93 च्या पुढे 'ए' असतो आणि 82 ला 'बी मायनस'. आपल्याकडे 35 ला पास, 75 ला विशेष प्रावीण्य. गुण मूळ रूपातच जाऊ दे. तुझं कॉलेज जीपीए देत नाही, म्हणून कॉमन अ‍ॅपमधला, म्हणजे अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांच्या सामायिक ऑनलाइन अर्जातला, तो रकाना रिकामा सोड.

जर्मनीत मात्र सूत्र ठरलेलं आहे. 100 मधून तुझे गुण वजा कर, 65 ने (100 उणे 35) भाग, 3 ने गुणाकार कर, 1 मिळव. 82 ला 1.83 येतात, तिथे 1 सर्वोत्तम, 4 म्हणजे जेमतेम पास. पास होण्याच्या किमान 35 गुणांच्या जागी शून्य घातलंस तर 1.54 येईल. दिसायला छान, पण चूक.

तुझी सीबीएसईची मैत्रीण बारावीची 'ए1' श्रेणी म्हणजे 91 च्या वर असं धरत असेल, तर तिलाही सांग. बोर्डाच्या परीक्षेत ए1 त्या विषयात पास झालेल्यांतल्या वरच्या एक अष्टमांशाला मिळतो.

आता अकरावीचे 58. नागपुरात नाव ज्युनिअर कॉलेजात आणि पोरं दिवसभर क्लासला, त्यामुळे अकरावीच्या परीक्षेला कुणी भाव देत नाही. अमेरिकेची कॉलेजं मात्र नववी ते बारावी चारही वर्षं मागतात. अर्जाची मुदत 1 नोव्हेंबर किंवा जानेवारीची सुरुवात, बोर्डाचा निकाल मेच्या आसपास. म्हणजे अर्ज वाचताना त्यांच्यापुढे पूर्ण वर्षाचे सगळ्यात ताजे गुण अकरावीचेच! ते लपवता येत नाहीत. अर्जातल्या 'अतिरिक्त माहिती'त दोन ओळींत कारण लिही, क्लासच्या नावाने बोटं मोडू नकोस. त्यावरचा खरा उतारा म्हणजे बारावीची सहामाही. तिच्या आधारे अपेक्षित गुण कॉलेजच्या लेटरहेडवर घे. क्लासच्या टेस्टचे गुण त्यात नकोत.

प्राचार्यांच्या पत्रात आणखी एवढं हवं: पास किती गुणांना, वर्गात मुलं किती, मागच्या बॅचचे सर्वाधिक गुण किती, 80 च्या वर किती जण. याशिवाय 82 चा अर्थ त्यांना लागत नाही. फिजिक्स-केमिस्ट्रीत 70 लेखी आणि 30 प्रात्यक्षिक, हेही लिहून घे. दहावीची टक्केवारी 'बेस्ट ऑफ फाइव्ह'ची आहे, त्यात खेळाचे वाढीव गुण असतील तर ते वेगळे दाखव.

नववी-दहावीचे कागद जुन्या शाळेतून काढावे लागतील, तिथला क्लार्क पहिल्या फेरीत देणार नाही. 1 नोव्हेंबरच्या आसपासच दिवाळीची सुट्टी येते, कार्यालयाला कुलूप असतं. सप्टेंबरातच अर्ज टाक आणि पोच घे.

पत्राचा मसुदा प्राचार्यांकडे नेण्याआधी मला पाठव.

तुझे,
सर